शेंगदाण्याचा नमुना अफ्लाटॉक्सिनसाठी कसा काढायचा: पोत्यापासून अहवालापर्यंत

दिवाळी उरकली, नवे दाणे मार्केट यार्डात आले की सोलापुरात आमच्याकडे तपासणीला शेंगदाण्यांच्या आणि शेंगाचटणीच्या पुड्या यायला लागतात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, तिच्या आधी तर रोज चार-पाच. कुणी बचत गटाच्या ताई, कुणी घरी चटणी करून पुण्या-मुंबईला पाठवणारे, कुणी प्रकल्प करणारे एम.एस्सी.चे विद्यार्थी. सगळ्यांना एकच हवं असतं, अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा अहवाल. आणि जवळजवळ सगळ्यांची चूक एकच असते. थप्पीतलं वरचं पोतं सोडायचं, तोंडाजवळचे दोन-चार मुठी दाणे पिशवीत भरायचे आणि पाठवायचे.

प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही महागडं असलं तरी ते पिशवीत जे आहे तेवढंच मोजतं. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा पिशवीबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी हा हिशेब बघा

अफ्लाटॉक्सिन हे अस्परजिलस फ्लेवस आणि तिच्या जवळच्या बुरश्यांनी तयार केलेलं विष. ते पोत्यात मिठासारखं सगळीकडे पसरलेलं नसतं, मोजक्या दाण्यांत साठलेलं असतं. एकेका दाण्यात किलोला दहा लाख मायक्रोग्रॅम या पातळीपर्यंतचं प्रमाण सापडलेलं आहे. आपण त्याच्या दहाव्या हिश्श्याचा दाणा धरू. अर्ध्या ग्रॅमच्या अशा एका दाण्यात ५० मायक्रोग्रॅम विष असेल.

तुमच्याकडे ५० किलोची सहा पोती आहेत, म्हणजे ३०० किलो, म्हणजे सुमारे सहा लाख दाणे. या मालाची सरासरी किलोला १० मायक्रोग्रॅम भरायला असे फक्त ६० दाणे पुरतात. दहा हजारांत एक. आता २०० ग्रॅमच्या पुडीत दाणे किती? चारशे. अशा शंभर पुड्या काढल्या तर ९६ पुड्यांत तो दाणा येणारच नाही आणि अहवाल म्हणेल, काही आढळलं नाही. उरलेल्या चार पुड्यांचा आकडा २५० च्या घरात जाईल. खरं प्रमाण दहा, पण शंभरातला एकही अहवाल दहा सांगणार नाही.

तोच नमुना २० किलोचा घेतला तर त्यात ४०,००० दाणे येतात आणि त्यात असे सरासरी चार दाणे सापडतात. कोडेक्सच्या (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) आराखड्यात सोललेल्या शेंगदाण्यांसाठी २० किलोचा नमुना सांगितला आहे, तो यासाठीच.

वीस किलो ऐकलं की समोरचा माणूस उठायलाच लागतो. थांबा. ते वीस किलो वाया जात नाहीत, कसे ते सहाव्या टप्प्यात येईल.

## टप्पा १: कशाचं उत्तर हवंय ते ठरवा

"माझी चटणी चांगली आहे का?" आणि "हा व्यापाऱ्याचा माल घेऊ का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्हींचा नमुना वेगळा.

माल घ्यायचा की नाही हे ठरवायचं असेल तर कच्च्या दाण्यांचा नमुना, भाजण्याआधी, निवडण्याआधी. तयार चटणीबद्दल खात्री हवी असेल तर चटणीचा. चटणी कुटली-कालवली जाते, त्यामुळे एका दाण्यातलं विष सगळ्या चटणीत पसरतं आणि नमुना काढणं पुष्कळ सोपं होतं. एकाच तपासणीचे पैसे असतील तर मी तयार चटणीची तपासणी सुचवते. पण लक्षात ठेवा, तोवर दाण्यांचे आणि मिरचीचे पैसे दिलेले असतात. चटणी नापास झाली तर दोष दाण्यांचा की मिरचीचा हेही त्या अहवालातून कळत नाही. लाल मिरचीतही हेच विष असू शकतं.

सावधान: "भाजलं की जातं" हा समज सोडा. बी-१ या अफ्लाटॉक्सिनला पूर्ण मोडायला २५० अंशांच्या वरचं तापमान लागतं. भाजल्याने प्रमाण काही अंशी उतरतं, संपत नाही.

## टप्पा २: माल हलवण्याआधी प्रयोगशाळेला फोन

बहुतेक जण नमुना घेऊन जातात आणि मग विचारतात. उलटं करा. फोनवर हे विचारा आणि उत्तरं वहीत लिहा:

- एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) मान्यता आहे का, आणि मान्यतेच्या यादीत शेंगदाणे किंवा त्यांचे पदार्थ व अफ्लाटॉक्सिन ही जोडी आहे का? प्रयोगशाळेला मान्यता आहे म्हणजे प्रत्येक तपासणीला आहे असं नव्हे.
- बी-१, बी-२, जी-१, जी-२ हे अफ्लाटॉक्सिनचे चारही प्रकार वेगवेगळे मोजून देणार का?
- किती खालपर्यंतचं प्रमाण (किलोला मायक्रोग्रॅममध्ये) खात्रीने मोजता? याला मोजणीची किमान मर्यादा म्हणतात. "पाचच्या खाली सांगता येत नाही" असं उत्तर आलं तर निर्यातीच्या मालाला ती जागा उपयोगाची नाही. युरोपीय संघात थेट खायच्या शेंगदाण्यांना बी-१ साठी २ आणि चारही मिळून ४ ही मर्यादा आहे.
- दळलेला नमुना घेता का? किती? उरलेला किती दिवस ठेवता?

आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची मर्यादा खाण्यास तयार शेंगदाण्यांना १० आणि पुढे प्रक्रिया करायच्या मालाला १५ आहे, चारही मिळून, किलोला मायक्रोग्रॅममध्ये. चटणी विकणाऱ्याने १० धरूनच चालावं.

## टप्पा ३: लॉट वेगळा करा

एका व्यापाऱ्याकडून, एका दिवशी, एका हंगामाचा, एकाच जागी ठेवलेला माल म्हणजे एक लॉट. तीन व्यापाऱ्यांची दोन-दोन पोती एकत्र करून "आमचा माल" म्हणून पाठवू नका. चांगल्या चार पोत्यांत वाईट दोन झाकली जातील, नाहीतर वाईट दोनपायी चांगली चार जातील.

पोत्यांना हात लावण्याआधी थप्पीभोवती एक चक्कर मारा. जमिनीला टेकलेलं, भिंतीला चिकटलेलं, पत्रा गळतो त्याखालचं पोतं शोधा. ओल लागून वाळलेल्या पोत्यावर पिवळट कडा दिसते, जवळ नाक नेलं की कुबट वास येतो. अशी पोती बाजूला काढा आणि त्यांचा वेगळा लॉट करा. त्यांना बाकीच्यांत मिसळूही नका आणि लपवूही नका.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट असते. फूल-आऱ्या धरल्या, शेंग भरायला लागली आणि पावसाने दडी मारली, तर तापलेल्या कोरड्या जमिनीत शेंग असतानाच ही बुरशी आत शिरते. म्हणून "माल कोरडाठाक आहे, सोलापूरच्या उन्हात वाळलाय" हा पुरावा अर्धाच. काढणीनंतर वाळवल्याने बुरशी वाढायची थांबते, शेतात तयार झालेलं विष तसंच राहतं.

तपासा: दाण्यांतली ओल ७ टक्क्यांच्या आत आहे का? दाताखाली कुरकुर वाजला म्हणजे कोरडा, हे माप नव्हे. ओलमापक यंत्रावर बघून आकडा लिहून ठेवा.

## टप्पा ४: साहित्य

स्वच्छ ताडपत्री, तांब्या किंवा छोटं भांडं, रिकामी धुतलेली पोती, वजनकाटा, जाड पिशव्या, न पुसणारं पेन, हातमोजे, मास्क. मास्क हवाच, बुरशीची भुकटी छातीत जाऊ देऊ नये. पोत्यात खुपसून दाणे काढायची टोकदार पोकळ नळी असेल तर मोठ्या थप्पीला उपयोगी पडते. सहा-आठ पोत्यांना तिची गरज नाही.

## टप्पा ५: पोत्यांतून नमुना काढणे

सगळा खेळ इथेच आहे, म्हणून घाई करू नका. सकाळचे दोन तास मोकळे ठेवा.

कोडेक्सच्या आराखड्यात एक टनापर्यंतच्या लॉटमधून किमान १० ठिकाणांहून आणि एक ते पाच टनांच्या लॉटमधून ४० ठिकाणांहून माल घ्यायला सांगितलं आहे. सहा पोत्यांसाठी माझी पद्धत अशी:

१. पोत्यांवर १ ते ६ क्रमांक टाका.

२. पहिलं पोतं रिकाम्या पोत्यात ओतायला लागा. एकाने ओतायचं, दुसऱ्याने भांडं धरायचं.

३. ओतताना धार तीनदा छेदा: सुरुवातीला, अर्ध्यावर आणि तळ येताना. भांडं धारेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवं न्यायचं. नुसतं मध्ये धरलं तर जड दाणे जास्त येतात आणि काठाने पडणारे पोचट, सुरकुतलेले दाणे सुटतात. नेमक्या त्या दाण्यांतच विष जास्त असतं.

४. प्रत्येक वेळी किलोपेक्षा थोडा जास्त माल घ्या. सहा पोती, तीन-तीन वेळा, अठरा घास. सगळे मिळून वीस किलोच्या आसपास होतात.

५. अठराही घास एकाच ताडपत्रीवर एकत्र करा.

सावधान: या वीस किलोतून काहीही निवडू नका. फुटका, काळा, किडका, साल गेलेला, सगळा माल जसा आला तसा राहू दे. फक्त खडे आणि सुतळीचे तुकडे काढा.

याच ठिकाणी झालेली एक चूक सांगते. एका बचत गटाच्या ताई स्टीलच्या डब्यात दाणे घेऊन आल्या. एकसारखे, टपोरे, गुलाबी. म्हणाल्या, "मॅडम, रात्री बसून निवडून आणलेत. एक खराब दाणा सापडायचा नाही." त्यांच्या मनात प्रामाणिकपणाच होता. पाहुण्यांपुढे ठेवायची वस्तू स्वच्छ असावी, तसा नमुना स्वच्छ असावा असं त्यांना वाटलं. मी विचारलं, चटणीला सगळेच दाणे असे निवडता का? "नाही हो, चाळीस किलो कोण निवडणार?" मग काढून टाकलेले कुठे आहेत? ते त्यांनी शेळ्यांसाठी बाजूला ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी त्या ते घेऊन आल्या. त्यातला एक दाणा मी नखाने उकलला. वरचं साल शाबूत होतं, जरासं काळपट एवढंच. आत दोन दलांच्या मधल्या पोकळीत पिवळट हिरवी भुकटी भरली होती. ताई कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत होत्या. डब्यातल्या नमुन्याचा अहवाल स्वच्छच आला असता आणि त्यांच्या चटणीशी त्याचा काही संबंध नसता.

रोजच्या कामात मात्र निवडणं फार मोलाचं आहे. काळपट, सुरकुतलेले, किडके, फुटके दाणे काढले की मालातलं विष बरंच कमी होतं. तुम्ही नेहमी निवडूनच चटणी करत असाल तर सगळा लॉट निवडा आणि मग निवडलेल्या मालातून नमुना काढा. फक्त नमुना निवडायचा नाही.

## टप्पा ६: वीस किलो दळणे

आता त्या वीस किलोंचं उत्तर. ते प्रयोगशाळेला द्यायचे नसतात. ते सगळे दळायचे, मिसळायचे, त्यातलं अर्धा किलो कूट पाठवायचं. उरलेलं कूट बंद डब्यात थंड जागी ठेवायचं, अहवाल चांगला आला की त्याचीच चटणी. भाजलेल्या दाण्यांचीच चटणी करत असाल तर हे वीस किलो भाजून दळा आणि नमुन्यावर तसं स्पष्ट लिहा.

दळण्याआधी यंत्र झाडून-पुसून घ्या. मग त्याच लॉटचे, पण नमुन्याबाहेरचे किलोभर दाणे त्यातून काढा आणि ते कूट टाकून द्या. मिरची कांडपाच्या गिरणीत दळत असाल तर हे दोनदा करा. आधीच्या गिऱ्हाइकाची मिरची जाळीत बसलेली असते.

शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. यंत्र तापलं की तेल सुटतं, लगदा होतो, गोळे बसतात आणि मिसळणं जमत नाही. दाणे आदल्या रात्री बंद पिशवीत फ्रीजमध्ये ठेवा, पहाटे दळा, थोडेथोडे घाला, मध्ये यंत्र थांबवा.

तपासा: कूट चिमटीत चोळून बघा. रव्याहून बारीक हवं. डाळीएवढे तुकडे लागत असतील तर पुन्हा दळा. प्रयोगशाळा शेवटी २५ किंवा ५० ग्रॅमच घेणार आहे. त्यात तुकडे असले की दाण्यांची तीच अडचण पुन्हा उभी राहते.

## टप्पा ७: वाटे करणे

सगळं कूट ताडपत्रीवर पसरा. कडा उचलून आत, पुन्हा बाहेर, असं दहा मिनिटं उलथापालथ करा. मधोमध ढीग करा, वरून दाबून भाकरीसारखा सपाट करा आणि चार चतकोर पाडा. समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला सारा. ठेवलेले दोन मिसळून पुन्हा तेच. दीड किलोच्या आसपास उरलं की थांबा आणि त्याची अर्ध्या-अर्ध्या किलोची तीन पाकिटं करा. एक प्रयोगशाळेला, एक तुमच्याकडे राखीव, एक व्यापाऱ्याला, त्याच्या सहीसकट.

चमच्याने वरवरचं उचलून पाकीट भरू नका. कूट हलवलं की बारीक भुकटी खाली बसते.

## टप्पा ८: बांधणे आणि पाठवणे

कूट कोरडं असेल तर जाड पिशवी, हवा काढून, तिच्यावर दुसरी. चिठ्ठी दोन पिशव्यांच्या मध्ये, आत घातली तर तेलाने पुसते. चिठ्ठीवर लॉट क्रमांक, तारीख, पोती किती, घास किती, कच्चं की भाजलेलं, ओल किती. व्यापाऱ्याचं नाव चिठ्ठीवर नको, ते तुमच्या वहीत.

उन्हात ठेवू नका, गाडीच्या तापलेल्या डिकीत नको. त्याच दिवशी जाणार नसेल तर फ्रीजरमध्ये. ओले दाणे पाठवायची वेळ आलीच तर प्लास्टिकमध्ये कोंडू नका. वाटेत घाम धरेल आणि बुरशी पुढे वाढत राहील.

## टप्पा ९: विद्यार्थ्यांसाठी, प्रयोगशाळेतलं काम

पद्धतीचा साचा ठरलेला आहे: मिथेनॉल-पाण्यात अर्क, गाळणी, इम्युनोअफिनिटी (अफ्लाटॉक्सिन तेवढं धरून ठेवणाऱ्या) स्तंभातून शुद्धीकरण, मग एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) प्रतिदीप्ती, म्हणजे त्याची चमक, मोजणं. पुस्तकात तो सापडतो. प्रबंधात अडतं ते पुढच्या गोष्टींत.

शेंगाचटणी म्हणजे साधा शेंगदाणा नव्हे. तिच्यात तेल आहे, मिरचीचा लाल रंग आहे, लसूण आहे. ठरावीक प्रमाणात अफ्लाटॉक्सिन स्वतः मिसळून किती परत मिळतं ते चटणीतच तपासा, नुसत्या दाण्यात किंवा द्रावकात नको. ७० ते ११० टक्क्यांच्या मध्ये आलं नाही तर आधी शुद्धीकरण सुधारा, नमुने नंतर. झटपट तपासणीचा एलायझा संच किंवा पट्टी वापरणार असाल तर ती कोणत्या पदार्थासाठी पडताळलेली आहे ते संचाच्या कागदावर वाचा. मिरचीचा रंग वाचनात गडबड करतो.

बी-१ आणि जी-१ यांची प्रतिदीप्ती पाण्याच्या द्रावकात मंदावते. स्तंभानंतरची रासायनिक किंवा प्रकाशाची प्रक्रिया गाळली तर हे दोनच कमी दिसतील आणि तुम्हाला वाटेल माल चांगला आहे.

नुसता ३६५ नॅनोमीटरचा दिवा लावून "निळं दिसलं म्हणजे अफ्लाटॉक्सिन" असा निष्कर्ष लिहू नका. इतर पुष्कळ पदार्थ त्या प्रकाशात चमकतात, आणि बंद दाण्याच्या आतलं विष बाहेरून दिसत नाही.

"आढळलं नाही" याची शून्य अशी नोंद करून सरासरी काढू नका. एकदा त्या जागी शून्य धरा, एकदा शोधमर्यादेचा आकडा धरा, आणि दोन्ही सरासऱ्या द्या. आणि नवी पेठेतून वीस पाकिटं आणून "सोलापुरातील शेंगाचटणी" असं शीर्षक देऊ नका. वीस पाकिटं म्हणा, कोणत्या महिन्यातली ते सांगा. चटणीवर इथे हजारो घरांची चूल पेटते.

सावधान: शुद्ध अफ्लाटॉक्सिनची पूड कधीही उघडी हाताळू नका, द्रावणच विकत घ्या. तपकिरी काच, हातमोजे, धुराडं (फ्यूम हूड). कर्करोगकारक म्हणून ते आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे.

## टप्पा १०: अहवाल वाचणे

आधी एकक बघा. मायक्रोग्रॅम प्रति किलो आणि पीपीबी एकच. पीपीएम लिहिलं असेल तर हजाराने गुणा. ०.०१ बघून निश्चिंत झालेले लोक मी पाहिले आहेत, पीपीएममध्ये ते थेट १० होतं.

मग चारही प्रकारांची बेरीज स्वतः करा. बी-१ चा आकडा बेरजेपेक्षा लहान असतो, एफएसएसएआयच्या मर्यादेशी तुलना बेरजेची. त्यानंतर अनिश्चितता बघा: ९ अधिक-उणे ३ आलं तर तो माल १० च्या आत आहे असं छातीठोक सांगता येत नाही. मी असा लॉट निवडून, पुन्हा नमुना काढून तपासायला सांगते.

"पुन्हा तपासा" म्हणताना तेच उरलेलं कूट पाठवलं तर यंत्राची चूक पकडली जाईल, नमुन्याची नाही. नमुन्याबद्दल शंका असेल तर पाचव्या टप्प्यापासून पुन्हा. आणि पहिला अहवाल नापास, दुसरा पास, म्हणून दुसरा खरा, असं करू नका. वरचा हिशेब आठवा, चुकलेला अहवाल बहुतेक वेळा कमीच दाखवतो.

## टप्पा ११: नापास मालाचं काय

तो जनावरांना घालू नका. गाई-म्हशी-शेळ्यांच्या पोटात बी-१ गेलं की त्यातला काही भाग एम-१ (अफ्लाटॉक्सिनचाच बदललेला प्रकार) होऊन दुधात उतरतो. दुधाची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, दाण्यांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कडक, कारण ते दूध लेकरं पितात. त्या ताईंच्या शेळ्यांचं दूध त्यांच्या नातवालाच जात होतं.

घाण्यावरही देऊ नका. नुसत्या गाळलेल्या तेलात विषाचा अंश राहतो आणि उरलेलं पेंडीत जाऊन पुन्हा गोठ्यात पोचतं.

व्यापाऱ्याच्या सहीचं पाकीट असेल तर माल परत करताना बोलायला आधार राहतो. तरीही तो तसाच दुसऱ्याला विकला जाऊ नये म्हणून लॉट क्रमांकासह लेखी कळवा. निवडून काढलेले पाच-दहा किलो असतील तर बारीक करून, जनावर उकरणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरा. उघड्या उकिरड्यावर टाकलं की शेळ्या पोचतातच.

आणि तुमच्याकडचं राखीव पाकीट फ्रीजरमध्येच राहू द्या. अहवाल आला म्हणून फेकू नका. त्या लॉटची शेवटची चटणी विकली जाऊन तिची मुदत संपेपर्यंत ते ठेवायचं.